मुलांचा रक्तदाब सर्वांत शेवटी पडतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : अत्यवस्थ मुलांच्या हृदयाच्या व रक्ताभिसरणाच्या कामावरील देखरेख

मुलांच्या अतिदक्षता विभागासाठी मॉनिटर किंवा व्हेंटिलेटर आले, मागवले गेले किंवा निधीअभावी रखडले, अशा बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्या यायलाच हव्यात. मी नागपुरात मुलांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून आणि शेवटची काही वर्षे त्या विभागाची प्रमुख परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. या बातम्या वाचताना मला दर वेळी एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. यंत्रे किती आली हे छापून येते. पण ते यंत्र अत्यवस्थ मुलाच्या रक्ताभिसरणाबद्दल काय सांगते, काय सांगू शकत नाही, आणि जे ते सांगू शकत नाही ते कोणी पाहायचे, याविषयी कुठे चर्चा होताना दिसत नाही. हे पत्र त्यासाठी लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

नागपूरच्या बाबतीत हा प्रश्न इतर शहरांपेक्षा अधिक निकडीचा आहे, कारण इथल्या खाटांवर येणारी मुले केवळ नागपूरची नसतात. मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानमधील एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतील खासगी रुग्णालये यांच्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची मुले येतात, तशीच सीमेपलीकडच्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचीही येतात. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे. पावसाळ्यात हा प्रवास किती तासांचा होईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि त्या प्रवासात मुलाच्या शरीरात जे घडते त्याची नोंद बहुतेक वेळा कोणाकडेच नसते. मूल आमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर बहुधा एकच ओळ असते : ‘रक्तदाब नॉर्मल, पुढील उपचारांसाठी रवाना.’

‘रक्तदाब नॉर्मल’ हे दोन शब्द किती फसवे असू शकतात, ते आधी सांगते. मोठ्या माणसाच्या शरीरातून रक्त किंवा पाणी कमी झाले, की त्याचा रक्तदाब तुलनेने लवकर खाली येतो. लहान मुलाचे तसे नसते. त्याचे हृदय लहान असते, एका ठोक्यात ते फारसे जास्त रक्त ढकलू शकत नाही, म्हणून संकट आले की ते ठोक्यांची संख्या वाढवते. आणि त्याच वेळी हातापायांच्या, त्वचेच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळून घेऊन उरलेले रक्त मेंदूकडे व हृदयाकडे वळवते. या आवळण्यामुळे पट्टा बांधून मोजलेला आकडा कितीतरी वेळ ठीक दिसत राहतो. घरातला कर्ता माणूस बाहेर कर्ज वाढत असताना घरच्यांना कळू देत नाही, तसाच हा प्रकार आहे. मग एका क्षणी हे सोंग संपते, आकडा कोसळतो, आणि तेव्हा हातात फार थोडी मिनिटे राहिलेली असतात. एक ते दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत सत्तरमध्ये वयाची दुप्पट मिळवायची आणि वरचा रक्तदाब त्याहून खाली गेला तर तो धोकादायक मानायचा, असा साधा हिशेब आम्हाला शिकवलेला असतो. म्हणजे तीन वर्षांच्या मुलासाठी ७६. पण हा आकडा येण्याची वाट पाहणे म्हणजे विहिरीत पडल्यावर दोर शोधण्यासारखे आहे. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात एकूण रक्तच सुमारे ८०० मिलिलिटर असते, म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्यांहूनही कमी. त्यात चुकीला जागा किती असणार?

एक प्रसंग मी कधी विसरू शकले नाही. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही घडू शकले असते. दोनेक वर्षांचा एक मुलगा जुलाब-उलट्यांनी मलूल होऊन रात्री दाखल झाला. बोटाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब लावला, तर मॉनिटरवरची लाट सपाट दिसे, आकडा कधी ९८ दाखवे, कधी नाहीसा होई. नव्याने रुजू झालेल्या आमच्या एका सहकारी मुलीने प्रोब बदलला, मग केबल बदलली, मग शेजारच्या खाटेवरचा प्रोब आणून लावला आणि शेवटी ‘मशीन खराब आहे’ असे नोंदवहीत लिहिण्यासाठी ती वळली. पायाशी उभी असलेली त्या मुलाची आई तेवढ्यात म्हणाली, ‘सिस्टर, पाय थंडे पडून रायले जी याचे.’ तिने ते कधीपासून हातात धरून ठेवले होते. मी हात लावून पाहिला, तर गारठा गुडघ्यापर्यंत चढलेला होता. यंत्र अगदी ठणठणीत होते. बोटापर्यंत रक्तच पोहोचत नव्हते, आणि ती सपाट लाट हेच सांगत होती. पट्ट्याने मोजलेला रक्तदाब त्या वेळीसुद्धा ‘नॉर्मल’ होता. मुलगा वाचला, कारण पुढच्या काही मिनिटांत त्याला सलाईन मिळाले. पण नोंदवहीत मशीन खराब असल्याची ओळ पडली असती आणि आई गप्प राहिली असती, तर काय झाले असते याचा विचार मी आजही टाळते.

बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजण्याच्या या यंत्राचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधले, आणि त्यांनी जगावर केलेले उपकार मोठे आहेत. कोरोनाच्या काळात तर हे यंत्र घरोघरी पोहोचले. पण त्यामुळेच ‘ऑक्सिजन ९८ आहे ना, मग काळजी नाही’ हा समजही घरोघरी पोहोचला. रक्तात ऑक्सिजन किती भरला आहे हे ते यंत्र सांगते. ते रक्त मेंदूपर्यंत, मूत्रपिंडापर्यंत पुरेसे जाते आहे का, हे सांगत नाही. गाडीत माल भरलेला आहे, पण गाडी हलतच नाही, अशी ती स्थिती असू शकते.

आता पट्ट्याविषयी. वाचकांना हा तपशील क्षुल्लक वाटेल, मला वाटत नाही. रक्तदाबाच्या पट्ट्याच्या आतील फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के असावी लागते. पट्टा गरजेपेक्षा लहान असला तर रक्तदाब खऱ्याहून जास्त दिसतो आणि मोठा असला तर कमी दिसतो. म्हणजे चुकीच्या पट्ट्यामुळे एका मुलाला नको असलेले औषध सुरू होऊ शकते आणि दुसऱ्याचे हवे असलेले औषध लांबू शकते. मॉनिटर लाखांचा असतो, पण त्याबरोबर आलेले नवजात, तान्हे, लहान मूल आणि मोठे मूल अशा मापांचे पट्टे वर्ष-दीड वर्षात फाटतात, हरवतात, दुसऱ्या वॉर्डात जातात; ते परत मागवायचे तर ‘सुटे भाग’ या शीर्षकाखाली वेगळा प्रस्ताव करावा लागतो आणि तो कुठल्या टेबलावर थांबला आहे हे विचारत फिरावे लागते. मोठ्या माणसाचा पट्टा तान्ह्या मुलाच्या मांडीला गुंडाळून घेतलेले आकडे मी केसपेपरवर पाहिले आहेत. शिवाय यंत्राचा पट्टा हवेचे दोलन मोजून सरासरी दाब काढतो आणि वरचा-खालचा आकडा त्यावरून हिशेबाने सांगतो. रक्तप्रवाह अगदी क्षीण झाला, मूल रडत किंवा हातपाय हलवत असले, की हा हिशेब डगमगतो. ज्या मुलाबद्दल आपल्याला सर्वांत नेमकी माहिती हवी असते, नेमका त्याच्याच बाबतीत तो सर्वांत कमी भरवशाचा ठरतो.

मग भरवसा कशावर ठेवायचा? हाताच्या बोटांवर. मुलाच्या छातीच्या मधल्या हाडावर किंवा बोटाच्या टोकावर पाच सेकंद दाबायचे आणि सोडल्यावर पांढरी पडलेली जागा पुन्हा लालसर व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. निरोगी मुलात साधारण दोन सेकंदांच्या आत रंग परततो; तीनहून जास्त सेकंद लागत असतील, हातपाय गार असतील आणि नाडी क्षीण व वेगवान असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे ते मूल शॉकमध्ये आहे, म्हणजे त्याच्या अवयवांना पुरेसे रक्त पोहोचत नाही, मग रक्तदाबाचा आकडा काहीही असो. ही परीक्षाही काळजीपूर्वक करावी लागते. हात हृदयाच्या पातळीपेक्षा किंचित वर धरावा लागतो, उजेड पुरेसा असावा लागतो, सावळ्या मुलाचे नख किंवा तळपाय पाहावा लागतो. आणि नागपूरच्या जानेवारीत बाहेरून नुकत्याच आणलेल्या मुलाची बोटे कशीही गारच असतात, हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणून आम्ही गारठ्याची सीमा शोधत असू. हाताची पाठ मुलाच्या मांडीपासून खाली फिरवत न्यायची आणि ऊब कुठे संपते ते पाहायचे : गुडघ्यावर, पोटरीवर की घोट्यावर. दर तासाला ही सीमा खाली सरकत असेल तर उपचार लागू पडत आहेत, वर चढत असेल तर डॉक्टरांना उठवायचे. यासाठी कुठली निविदा काढावी लागत नाही.

हे जुन्या लोकांचे खूळ आहे असे कोणी म्हणेल, म्हणून सांगते. दक्षिण अमेरिकेतील पाच देशांच्या २८ रुग्णालयांत जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या ४२४ प्रौढ रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात रक्तातील लॅक्टेट (रक्तपुरवठा अपुरा पडला की वाढणारा घटक) मोजून उपचार ठरवले, दुसऱ्या गटात बोट दाबून रंग परतण्याचा वेळ पाहून. २८ दिवसांत पहिल्या गटातील ४३.४ टक्के आणि दुसऱ्या गटातील ३४.९ टक्के रुग्ण दगावले. संख्याशास्त्राच्या काटेकोर निकषावर हा फरक निर्णायक ठरला नाही, आणि हे रुग्ण मोठी माणसे होती, हेही खरे. परंतु बोट दाबून पाहणे प्रयोगशाळेच्या तपासणीपेक्षा मागे पडले नाही, एवढे त्यातून नक्कीच दिसले.

लघवीचे मोजमाप हा दुसरा दुर्लक्षित भाग. मूत्रपिंडाला रक्त मिळत असेल तरच लघवी होते, म्हणून दर किलो वजनामागे दर तासाला साधारण एक मिलिलिटर लघवी होणे ही रक्ताभिसरण ठीक असल्याची मोठी खूण आहे. नळी घातलेली नसेल तर डायपरचे आधी आणि नंतर वजन करायचे. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. खेड्यातून आलेल्या मायबाईकडे डायपर नसतो, दुपटे असते. त्याचेही वजन करता येते. फक्त कोरड्या दुपट्याचे वजन आधी लिहून ठेवावे लागते आणि ओले दुपटे तिने धुवायला नेण्यापूर्वी ते मागून घ्यावे लागते, इतकेच.

सलाईनच्या बाबतीत मात्र मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण रक्ताभिसरणावर नजर नसेल तर सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. जुलाबाने सुकलेल्या मुलाला भराभर सलाईन लागते आणि त्याने ते मूल डोळ्यांदेखत उमलते. आमच्या काळातल्या सगळ्या परिचारिकांनी हा चमत्कार शेकडो वेळा पाहिला आहे. त्यामुळे प्रत्येक गार पडलेल्या मुलाला तेच करण्याची सवय हाताला लागते. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियातील रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने या सवयीला धक्का दिला. तीव्र ताप आणि मंदावलेले रक्ताभिसरण असलेल्या ३१४१ मुलांपैकी ज्यांना दाखल होताच झपाट्याने सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातील प्रथिनाचे द्रावण) दिले, त्यांच्यात ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांना ते तसे दिले नाही, त्यांच्यात ते ७.३ टक्के होते. जुलाबाने सुकलेली व तीव्र कुपोषित मुले या अभ्यासात घेतलेली नव्हती, पुष्कळ मुलांना मलेरिया आणि तीव्र रक्तक्षय होता, आणि त्या रुग्णालयांत अतिदक्षतेची सोय नव्हती. फुफ्फुसांत पाणी साठून ही जास्तीची मुले गेली असतील असे प्रथम सर्वांना वाटले; पण पुढच्या विश्लेषणात असे दिसले, की त्यांतील बहुतेकांचे रक्ताभिसरणच कोसळले होते. ज्या गोष्टीसाठी सलाईन दिले, तीच गोष्ट बिघडली.

याचा अर्थ सलाईन देऊ नये असा नाही. जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या मुलांसाठी २०२० साली जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अतिदक्षतेची सोय असेल तिथे पहिल्या तासात दर किलोमागे १० ते २० मिलिलिटरच्या हप्त्यांत, एकूण ४० ते ६० मिलिलिटरपर्यंत सलाईन देता येते, पण प्रत्येक हप्त्यानंतर मूल तपासून. आणि जिथे अशी सोय नाही व रक्तदाबही पडलेला नाही, तिथे असा झपाट्याचा हप्ता देऊ नये. या सूचनेचा सगळा भार ‘प्रत्येक हप्त्यानंतर तपासून’ या शब्दांवर आहे. आमच्या विभागातील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हाला एक युक्ती शिकवली होती. सलाईन सुरू करण्यापूर्वी मुलाच्या उजव्या बरगडीखाली यकृताची कड बोटाने चाचपायची आणि तिथे बॉलपेनने रेघ ओढायची. हप्ता संपला की पुन्हा चाचपायचे. यकृत रेघेच्या खाली उतरले असेल, श्वास वाढला असेल किंवा छातीत बारीक चुरचुर ऐकू येत असेल, तर हृदयाला आता आणखी पाणी पेलवत नाही. पुढचा हप्ता थांबवून ठोक्याला बळ देणारे औषध सुरू करायचे. कित्येक मुलांच्या पोटावरच्या त्या निळ्या रेघा पाहून त्यांच्या आयांना आश्चर्य वाटे.

आपल्या भागातील आजारांकडे पाहिले तर ही सावधगिरी किती गरजेची आहे ते कळते. पावसाळा सरता सरता डेंगीची मुले येऊ लागतात. ताप उतरतो, घरच्यांना हायसे वाटते, ‘आता सुट्टी द्या’ असा आग्रह सुरू होतो. आणि आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, बहुधा ताप उतरण्याच्या सुमारासच, रक्तातला पातळ भाग रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपू लागतो. अशा वेळी मॉनिटरवर १०० वर ८४ असा रक्तदाब दिसला तर तो गजर करत नाही, कारण १०० हा आकडा त्याच्या लेखी उत्तम आहे. पण वरच्या आणि खालच्या आकड्यांत केवळ १६ चे अंतर उरले आहे, आणि डेंगीमध्ये हे अंतर २० किंवा त्याहून कमी होणे म्हणजेच शॉक. ही वजाबाकी मॉनिटर आपणहून करून गजर देत नाही. ती माणसाने करायची असते. पुढे एक-दोन दिवसांत हेच झिरपलेले पाणी परत रक्तात येऊ लागते आणि तेव्हा सलाईन तसेच चालू राहिले, तर मूल त्या पाण्यातच गुदमरते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे मूल अचानक पांढरेफटक पडून आले, तर पोटात डाव्या बाजूला असलेल्या प्लीहेत रक्त अडकून ते शॉकमध्ये गेलेले असू शकते आणि त्याला सलाईनपेक्षा रक्ताची गरज असते. विदर्भातील प्रत्येक परिचारिकेला प्लीहा चाचपता यायलाच हवी असे माझे मत आहे. हृदयाच्या स्नायूला सूज आलेले मूल न्यूमोनियासारखे दिसते, पण त्याचे ठोके तापाच्या मानाने फारच जास्त असतात, आणि त्याला ओतलेले सलाईन सरळ फुफ्फुसांत उतरते. विंचूदंशाचे तर उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. घामाने थबथबलेले, हातपाय बर्फासारखे गार पडलेले मूल पाहून कोणालाही सलाईन वाढवावेसे वाटेल. पण तिथे विषाच्या प्रभावाने रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि हृदय त्या दाबापुढे थकत चाललेले असते. महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून, तासातासाला नाडी, रक्तदाब आणि श्वास टिपून हे ओळखले आणि रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरून असंख्य जीव वाचवले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते काम कोकणातील ग्रामीण दवाखान्यात झाले, कुठल्या पंचतारांकित अतिदक्षता विभागात नाही, याचा मला परिचारिका म्हणून विशेष अभिमान वाटतो. निरीक्षण हा आमचाही धर्म आहे.

मी यंत्रांच्या विरोधात आहे असा समज मात्र कृपया होऊ नये. मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून ठोक्यागणिक रक्तदाब दाखवणारी सोय हाताच्या परीक्षेने भरून निघत नाही. खाटेजवळ आणलेल्या इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) पाच मिनिटांत कळते, की हृदय रिकामे आहे, म्हणजे त्याला सलाईन हवे, की भरलेले असून ढकलू शकत नाही, म्हणजे त्याला औषध हवे. नुसत्या हाताच्या स्पर्शावरून शॉकचा प्रकार ठरवताना चांगले अनुभवी डॉक्टरही चुकतात, आणि २०२० च्या त्याच सूचनांत तसे करू नये असेच म्हटले आहे. लॅक्टेटचा एक आकडा फारसे बोलत नाही, पण सहा तासांत तो उतरतो आहे की चढतो आहे यावरून पुष्कळ कळते. तेही रक्त काढताना दंड फार वेळ आवळून धरला नसेल तर.

मात्र प्रत्येक यंत्रामागे एक माणूस लागतो. धमनीतल्या नळीचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा भाग, हृदयाच्या पातळीत ठेवावा लागतो. खाट वरखाली करताना तो दहा सेंटीमीटर खाली राहिला तर आकडा सुमारे साडेसातने जास्त दिसतो आणि दीड वर्षाच्या मुलाच्या बाबतीत तेवढ्याने उपचाराची दिशा बदलते. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाची सिरिंज संपत आली की दुसरा पंप आधीच चालू करून मग पहिला काढावा लागतो. रिकामी सिरिंज काढून नवी भरून लावण्यात गेलेल्या तेवढ्या क्षणांत रक्तदाब धाडकन खाली येताना मी पाहिला आहे. आणि गजर! एका विभागात आठ-दहा मॉनिटर एकाच वेळी कोकलू लागले की कान बधिर होतात, मग कोणीतरी गजराची मर्यादाच सैल करून ठेवते किंवा आवाज बंद करते. यात त्या परिचारिकेचा दोष किती धरायचा? अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका खाटेमागे एक परिचारिका असावी असा भारतीय परिचर्या परिषदेचा मापदंड आहे. रात्रपाळीत पाच-सहा अत्यवस्थ मुलांमागे एकटीने धावणाऱ्या परिचारिका मी पाहिल्या आहेत आणि ती एकटी मी स्वतःही होते. दर तासाला सहा मुलांचे पाय चाचपायचे, दुपटी तोलायची, यकृताची रेघ पाहायची, आठ प्रकारची औषधे मोजून भरायची आणि वर प्रत्येक नोंद वेळेवर लिहायची, हे एका माणसाच्या हातून होत नाही. मग पहाटे पाच वाजता बसून रात्रीचे सगळे रकाने एकसारख्या आकड्यांनी भरले जातात. असे तक्ते पाहिले की मला मॉनिटरच्या खरेदीच्या बातम्या आठवतात.

म्हणून माझी सूचना खर्चाची नाही, निदान फार खर्चाची नाही. यंत्रखरेदीच्या प्रत्येक करारात सर्व मापांचे पट्टे आणि मुलांचे प्रोब दर वर्षी बदलून देण्याची अट घालावी. रिक्त परिचारिका पदांचा आकडा यंत्रांच्या आकड्याशेजारीच जाहीर व्हावा. आपल्या वार्ताहरांनी तो मागावा, एवढी विनंती आपल्याला करते. आणि बाहेरगावाहून नागपूरला पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक अत्यवस्थ मुलासोबत ‘रक्तदाब नॉर्मल’ या एका ओळीऐवजी दर अर्ध्या तासाच्या नोंदींचा एक पानी तक्ता असावा. १०८ च्या गाडीतसुद्धा तो भरता येईल. त्यासाठी सेकंदकाट्याचे घड्याळ आणि पेन पुरेसे आहे. मुलाला नेणाऱ्या माणसाने तो आमच्या हातात दिला, तर आल्याबरोबरची पहिली पंधरा-वीस मिनिटे, जी आज ‘आधी काय दिले, किती दिले, लघवी कधी झाली’ हे दमलेल्या बापाला विचारण्यात जातात, ती वाचतील.

असा तक्ता मी नोकरीच्या काळात माझ्या विभागापुरता तयार केला होता. त्यात वेळ, ठोके, रक्तदाब व त्यातील अंतर, रंग परतायला लागलेले सेकंद, ऊब कुठपर्यंत आहे, लघवी, आणि दिलेले सलाईन असे सात रकाने आहेत, आणि तळाशी ‘आईने काय सांगितले’ यासाठी एक मोकळी ओळ आहे. त्याची प्रत या पत्रासोबत जोडत आहे. जागा असेल तर ती छापावी; कोणत्याही दवाखान्याने ती विनापरवानगी वापरली तरी माझी हरकत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
नागपूर